मॅनिफोल्डपर्यंत पोचणारी उष्णता
(प्रस्तावना)

१९६४ साली फोर्ड कंपनीने अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगसाठी आपल्या फेअरलेन गाडीची एक खास आवृत्ती काढली. तिचं नाव थंडरबोल्ट. बॉनेटखाली सात लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. पण समोरून पाहणाऱ्याचं लक्ष आधी दिव्यांकडे जाई. चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून टाकलेले होते. त्यांच्या जागी जाळ्या बसवल्या होत्या आणि जाळ्यांच्या मागून निघालेल्या दोन जाड नळ्या थेट एअर क्लीनरला जोडल्या होत्या. पाव मैलाच्या शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीत दिव्यांची जागा हवेला देणं परवडत होतं. बॉनेटखालची हवा तापलेली असते, गाडीसमोरची नसते, एवढं साधं कारण त्यामागे होतं.

बाहेरची गार हवा एअर क्लीनरपर्यंत आणण्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला. पण तिथून पुढे ती इनटेक मॅनिफोल्डच्या नळ्यांत शिरते. मॅनिफोल्ड तापलेल्या सिलिंडर हेडला बोल्टांनी आवळलेला असतो, काही इंजिनांत लाल होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या शेजारीच असतो. मोठ्या कष्टाने आणलेली गार हवा सिलिंडरच्या दारात येईपर्यंत पुन्हा गरम झालेली असू शकते. या शेवटच्या वीत-दोन वीत प्रवासात हवेला उष्णता कुठून मिळते, ती किती असते आणि कशी अडवता येते, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल पंपाने हवं तितकं ढकलता येतं. हवा मात्र, टर्बो नसलेल्या इंजिनात, पिस्टन खाली जाताना जेवढी आत येईल तेवढीच. सिलिंडरचं आकारमान ठरलेलं असतं, त्यामुळे त्यात किती वजनाची हवा मावते हे तिच्या घनतेवर अवलंबून राहतं. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १.१८ किलो भरते. तीच हवा ६० अंशांना १.०६ किलोपर्यंत उतरते. म्हणजे दहा टक्के हवा गेली.

ताकद मात्र दहा टक्क्यांनी घटत नाही, आणि अनेक जाहिराती नेमकी इथेच वाचकाची दिशाभूल करतात. आत शिरताना गरम असलेली हवा सिलिंडरच्या भिंतींकडून कमी उष्णता घेते, पेट्रोलची वाफही तिच्यात लवकर होते. त्यामुळे तोटा काही अंशी भरून निघतो. इंजिनाची ताकद मोजून वेगवेगळ्या हवामानातले आकडे एका पातळीवर आणण्यासाठी एसएई जे१३४९ हे मानक वापरतात. त्यात तापमानाचा परिणाम निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाने धरला आहे. त्या हिशेबाने २५ वरून ६० अंशांवर गेल्यास ताकद पाच-सहा टक्क्यांनी कमी होते. हा आकडा छोटा नाही, पण चमत्काराचाही नाही. पुढची सगळी प्रकरणं वाचताना तो डोळ्यांसमोर असावा.

दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं की तापतं. दहास एक दाबगुणोत्तराच्या इंजिनात निरपेक्ष तापमान ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणून आत येताना हवा ३० अंशांनी जास्त गरम असेल, तर ठिणगी पडण्याच्या सुमारास मिश्रण जवळपास ६० अंशांनी जास्त गरम असतं. अशा वेळी ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि इंजिन नॉक करू लागतं. आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर हे ओळखतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो आणि इंजिन वाचतं. चालकाला मात्र पिकअप मेल्यासारखा वाटतो. पायाखाली तोच अ‍ॅक्सिलरेटर असतो, गाडी पूर्वीसारखी उचल घेत नाही.

इथे एक प्रश्न वाचकाच्या मनात येईल. उष्णता इतकी नुकसानकारक आहे, तर इंजिनीअरांनी मॅनिफोल्ड आधीपासूनच गार का ठेवला नाही? उत्तर असं, की पन्नासेक वर्षं त्यांनी तो जाणूनबुजून गरम ठेवला.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल हवेत मिसळतं ते मॅनिफोल्डच्या तोंडाशीच. तिथून वाल्वपर्यंत त्याची वाफ झाली पाहिजे. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती सगळी हवेतूनच घेतली तर हवा वीसेक अंशांनी थंड होते. दमट, गारठ्याच्या दिवसांत एवढ्याने थ्रॉटलच्या पाकळीभोवती बर्फ जमतो आणि इंजिन बंद पडतं. बर्फ जमला नाही तरी थंड भिंतींवर पेट्रोलचे थेंब धरतात, सगळ्या सिलिंडरांना सारखं मिश्रण मिळत नाही. म्हणून १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या गाजलेल्या छोट्या व्ही-८मध्ये एक्झॉस्टचा वायू खेळवणारी वाट मॅनिफोल्डच्या पोटातून, कार्ब्युरेटरच्या थेट खालून काढली होती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला होते. हेच १४८९ सीसीचं इंजिन आपल्याकडे अँबॅसिडरमध्ये दशकानुदशकं चाललं.

ब्रिटनच्या थंडीत शहाणपणाची ठरलेली ही रचना भारतातल्या उन्हाळ्यात त्रासाची झाली. घाट चढताना अँबॅसिडर किंवा पद्मिनी अडली की ड्रायव्हर बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकत, हे दृश्य कसारा आणि खंडाळ्याच्या घाटात एका पिढीने पाहिलं आहे. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरल्यामुळे इंधन पुढे सरकत नसे. तो दोष थेट मॅनिफोल्डचा नव्हता, पण बॉनेटखाली कोंडलेली उष्णता तीच होती. जे उपाय मॅनिफोल्डला वाचवतात तेच इंधनाच्या नळीलाही वाचवतात, म्हणून या पुस्तिकेत दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

इंधन थेट वाल्वच्या तोंडाशी फवारणारे इंजेक्टर आले, आणि मॅनिफोल्ड गरम ठेवण्याचं मुख्य कारण संपलं. नळ्यांतून आता फक्त हवा वाहते. १९९७ साली शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-१ इंजिनाचा मॅनिफोल्ड नायलॉनचा होता. त्यातून एक्झॉस्ट जात नव्हता, कूलंट जात नव्हतं, खालच्या गरम तेलाचाही त्याला स्पर्श नव्हता. एकाच कंपनीच्या व्ही-८ इंजिनांत चाळीसेक वर्षांच्या अंतराने घडलेला हा बदल समजला, की या विषयाचा गाभा समजतो. एखाद्या इंजिनातली उष्णता काढायला निघण्यापूर्वी ती तिथे कशासाठी ठेवली होती, हे तपासलं पाहिजे.

उष्णता मॅनिफोल्डपर्यंत तीन वाटांनी पोचते, आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे.

पहिली वाट धातूतून धातूत. हेडमधलं कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे मॅनिफोल्डची फ्लँज जिथे टेकते तो भागही तितकाच तापतो. मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ही उष्णता सहज वर चढते. काच-तंतू मिसळलेलं नायलॉन किंवा बेकेलाइट यांची उष्णतावाहकता ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या काही सहस्रांश इतकीच असते. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधला काळा बेकेलाइटचा ठोकळा गॅरेजमधल्या प्रत्येक मेकॅनिकने हाताळलेला असतो. तो याच कामासाठी असतो. गाड्यांसाठी मिळणारे जाड फिनॉलिक स्पेसर आणि प्लास्टिकची गॅस्केटं याच तत्त्वावर चालतात. पण त्यांत एक छुपी गळती आहे ती बोल्टांची. ठोकळा उष्णता अडवतो, त्याच्या आरपार गेलेले पोलादी बोल्ट ती पोचवत राहतात. सहा बोल्ट आणि सहा मिलिमीटरचा ठोकळा धरून हिशेब केला, तर बोल्टांतून जाणारी उष्णता ठोकळ्यातून जाणाऱ्या उष्णतेइतकी, कधी त्याहून अधिकही भरू शकते. बोल्टाच्या डोक्याखाली उष्णतारोधक वॉशर घातल्याशिवाय ठोकळ्याचं काम अर्धवट राहतं. शिवाय ठोकळ्याने मॅनिफोल्ड वर उचलला जातो, इंजेक्टरच्या फवाऱ्याची दिशा बदलू शकते, आणि पॅकिंग नीट बसलं नाही तर बाहेरची हवा ओढली जाऊन मिश्रण पातळ होतं.

दुसरी वाट प्रारणाची, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावरून थेट फेकल्या जाणाऱ्या उष्णतेची. इथले आकडे थक्क करणारे आहेत. ६०० अंशांना तापलेला, गंजून काळवंडलेला लोखंडी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दर चौरस मीटरला सुमारे २६ किलोवॅट उष्णता फेकतो. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट असतं. हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणून ६०० ऐवजी ३०० अंश केले की २६चे पाच किलोवॅट होतात. आणि मध्ये एक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, दोन्ही बाजूंना हवेची फट ठेवून उभा केला, तर यातली नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता अडते. पत्रा काजळीने काळा झाला की हा फायदा ओसरतो. मॅकलरेन एफ-१ या गाडीच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला होता. सोनं अवरक्त प्रारण जवळपास पूर्ण परतवतं आणि त्यावर गंज चढत नाही. एक्झॉस्टवर सिरॅमिकचा लेप देणं किंवा काच-तंतूची पट्टी गुंडाळणं हेही याच वाटेवरचे उपाय. पट्टीत मात्र ओल धरते आणि साध्या पोलादाचा पाइप तिच्याखाली सडू शकतो. आपल्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात हा धोका अधिकच.

तिसरी वाट बॉनेटखालच्या हवेची. रेडिएटरमधून निघालेली गरम हवा इंजिनाभोवती फिरते आणि मॅनिफोल्डला बाहेरून तापवते. एडलब्रॉकच्या एअर-गॅप मालिकेतल्या मॅनिफोल्डच्या नळ्या इंजिनाच्या पोटापासून वर उचललेल्या असतात, मध्ये मोकळी हवा खेळते. पण ही खेळणारी हवाच गरम असेल तर फायदा मर्यादित होतो, म्हणून गरम हवा बॉनेटखालून बाहेर पडण्याची वाटही आखावी लागते.

या तिन्ही वाटांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. उष्णतेचा परिणाम गाडी कशी चालते आहे यावर ठरतो.

१.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांना, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, दर सेकंदाला साठ-सत्तर ग्रॅम हवा ओढतं. या प्रवाहाला पंधरा अंशांनी तापवायचं तर मॅनिफोल्डने त्यात सुमारे एक किलोवॅट ओतला पाहिजे. हवा नळ्यांत सेकंदाचा अगदी छोटा अंश थांबते, तेवढ्यात हे घडणं अवघड असतं. आता तीच गाडी सिग्नलला उभी करा. आयडलिंगला हवा दर सेकंदाला दोन-तीन ग्रॅमच लागते. तिला पंधरा अंशांनी तापवायला चाळीस वॅट पुरतात, आणि एवढी उष्णता बोल्टांतून आणि पॅकिंगमधूनही येऊ शकते. उभ्या गाडीला समोरून वाराही मिळत नाही. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं तर बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं, कारण उष्णता वाहून नेणारं काहीच उरत नाही.

म्हणूनच ट्रॅकवर, सलग वेगात केलेल्या चाचण्यांत स्पेसरचा फायदा थोडासा दिसतो, आणि पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या संध्याकाळच्या गर्दीत तोच स्पेसर अधिक उपयोगी ठरू शकतो. सिग्नल सुटल्यावरचे पहिले दहा-पंधरा सेकंद हीच मॅनिफोल्डच्या उष्णतेची खरी परीक्षा. ड्रॅग रेसिंगवाले दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात त्याचं कारणही हेच. त्यांना मॅनिफोल्ड फक्त सुरुवातीच्या काही सेकंदांसाठी गार हवा असतो.

गर्दीत आणखी एक गुंता होतो. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. मॅनिफोल्ड तापला की सेन्सरचं अंगही तापतं, आणि तो हवेपेक्षा जास्त आकडा दाखवतो. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून ठिणगी मागे घेतो. अशा वेळी तक्रार हवेची नसून सेन्सरच्या जागेची असते.

मोठा फरक पडतो तो रचनेनेच. होंडाने आपल्या जुन्या बी-सिरीजनंतर २००१च्या सुमारास के-सिरीज इंजिन आणलं तेव्हा इनटेक पुढे आणि एक्झॉस्ट मागे अशी अदलाबदल केली. फोक्सवागेनच्या ईए२११ मालिकेतही एक्झॉस्टची बाजू मागे, केबिनच्या भिंतीकडे आहे आणि इनटेक पुढे. त्यातल्या टर्बो इंजिनांत पाण्याने गार होणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला आहे. या घराण्यातलं एक लिटरचं टीएसआय इंजिन पुण्याजवळ चाकणला तयार होतं. टर्बोच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो. हवा दुपटीने दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ती नव्वदेक अंशांनी तापलेली असते. तिथे हेडमधून चढणाऱ्या उष्णतेपेक्षा इंटरकूलरचं काम कितीतरी मोठं ठरतं, म्हणून टर्बोच्या गाडीसाठी या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे.

प्लास्टिकचा मॅनिफोल्ड म्हणजे सगळं साधलं असंही नाही. फोर्डच्या ४.६ लिटर व्ही-८च्या काही नायलॉन मॅनिफोल्डांत कूलंटची आडवी वाटही प्लास्टिकचीच होती. गरम-थंडच्या चक्रांनी ती तडकू लागली, कूलंट गळू लागलं. पुढे कंपनीने तेवढा भाग अ‍ॅल्युमिनियमचा केला. हवेची वाट प्लास्टिकची आणि गरम पाण्याची वाट धातूची, हा धडा या उद्योगाने महागात घेतला.

थ्रॉटल बॉडीतून जाणाऱ्या कूलंटच्या नळ्यांबद्दलही असंच जपून बोललं पाहिजे. हौशी लोक त्या काढून परस्पर जोडतात. थ्रॉटलवर बर्फ जमू नये म्हणून त्या दिलेल्या असतात. मुंबईत त्यांची गरज भासणार नाही, पण मनाली किंवा लडाखच्या वाटेवर निघालेल्या गाडीच्या त्या काढू नयेत.

आणि कधी कधी उष्णताच उपयोगी पडते. हळू, स्थिर वेगाने जाताना थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो आणि पिस्टनला हवा ओढायला ताकद खर्चावी लागते. हवा गरम असली तर तीच ताकद देण्यासाठी थ्रॉटल थोडा जास्त उघडावा लागतो, ओढण्याचा खर्च कमी होतो आणि अ‍ॅव्हरेज किंचित सुधारू शकतो. अमेरिकेतला प्रसिद्ध रेसिंग मेकॅनिक स्मोकी यूनिक याने १९८०च्या दशकात पाँटियाक फिएरो गाडीत मिश्रण मुद्दाम खूप तापवणारं इंजिन बसवून दाखवलं होतं. त्याची वाट मुख्य प्रवाहात आली नाही. पण ताकदीसाठी गार हवा आणि बचतीसाठी काही वेळा उबदार हवा, या दोन गरजांमधला ताण त्याने उघड केला. मॅनिफोल्ड गार केला की ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढतील, असं सरसकट आश्वासन या पुस्तिकेत कुठेही दिलेलं नाही.

हा विषय आज मराठीत मांडण्याचं निमित्तही आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २५ अंशांच्या तुलनेत तिथली हवा मॅनिफोल्डला पोचण्याआधीच सहा टक्क्यांनी विरळ असते. दुसरीकडे पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं, आणि त्यातला काही वाटा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणजे ते आत येणारी हवा अधिक गार करतं. नॉकिंगलाही ते जास्त दाद देत नाही. उन्हाळ्याने वाढवलेला आणि इंधनाने थोडा हलका केलेला हा भार एकत्र मोजायला हवा. गाडीची दुरुस्ती करणारा मेकॅनिक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि स्वतःची गाडी नीट समजून घेऊ पाहणारा मालक, या तिघांनाही त्यासाठी आपल्या भाषेत आकडे हाताशी हवेत.

पुढची मांडणी अशी आहे. आधी मोजमाप, मग तीन वाटा, मग प्रत्येक वाटेचे उपाय त्यांच्या खर्चासह आणि धोक्यांसह, शेवटी टर्बोच्या गाड्या. मोजमापाचं प्रकरण वगळून कुणी थेट उपायांकडे जाऊ नये. मोजमापासाठी लागतात दोन थर्मोकपल आणि एक साधा मीटर. एक थर्मोकपल एअर फिल्टरनंतर, दुसरं मॅनिफोल्डच्या नळीत हेडच्या जवळ. दोन्हींमधला फरक तीन वेळा लिहून घ्यायचा: गाडी मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात असताना, दहा मिनिटं आयडलिंगला उभी राहिल्यावर, आणि इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावर. पहिल्या वेळी फरक चार-पाच अंशांचाच असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो वीस-पंचवीसवर गेला, तर उष्णता साचण्याची तक्रार आहे. पत्र्याचं कवच, ठोकळा आणि गरम हवेला बाहेर काढणारी वाट यांची प्रकरणं त्या वाचकासाठी आहेत. फरक तिन्ही वेळी कमी, पण पहिलंच थर्मोकपल बाहेरच्या हवेपेक्षा बरंच जास्त दाखवत असेल, तर मॅनिफोल्डला हात न लावता एअर फिल्टर हवा कुठून घेतो ते आधी पाहावं.